बॅटल ब्रदर्स : टोळी बुडते कुठे आणि तगते कशावर

पट्टेकरी

ओव्हरहाइप स्टुडिओज या हांबुर्गच्या छोट्या कंपनीने मार्च २०१७ मध्ये 'बॅटल ब्रदर्स' हा भाडोत्री सैनिकांची टोळी चालवण्याचा, पाळीपाळीने लढायचा कॉम्प्युटर गेम काढला. इतकी वर्षं झाली तरी नव्या माणसाची टोळी पंधरा-वीस दिवसांत कापली जाते आणि "गेम फसवतो" असा सूर लागतो. गेम फसवत नाही. तो निष्ठुर आहे, पण बहुतेक आकडे समोर मांडतो. ते आकडे वाचले जात नाहीत, घोडं तिथेच पेंड खातं. म्हणून हा धागा. शेवटच्या लेव्हलच्या बिल्डांच्या (गडी कसा घडवायचा त्या आराखड्यांच्या) याद्या इथे नकोत. आधी पहिले चाळीस दिवस तगायला हवं.

सेटिंगपासून सुरू करू. लढाईची काठिण्यपातळी आणि पैशाची काठिण्यपातळी वेगवेगळी निवडता येते. पहिल्या दोन-तीन टोळ्यांना दोन्ही 'बिगिनर' ठेवा, आयर्नमॅन (जुनी सेव्ह परत उघडता येत नाही ती पद्धत) बंद. लढाईच्या मधे सेव्ह करता येत नाही. म्हणजे आयर्नमॅन नसला तरी एकदा सुरू केलेली लढाई निस्तरावी लागतेच.

आता घाव लागण्याचं गणित. तुमचं मेली (हातघाईचं) स्किल, त्यातून समोरच्याचं मेली डिफेन्स वजा, वर परिस्थितीचे अधिक-उणे. उदाहरण घेऊ. तुमच्या गड्याचं स्किल ६०. समोरच्याचं डिफेन्स १०, हातात लाकडी ढाल, ढालीचे १५. उरले ३५. गड्याच्या हातात तलवार असेल तर +१०, भाला असेल तर +२०. भाल्याने झाले ५५. त्याच शत्रूला तुमचे आणखी दोन गडी चिकटून उभे असतील तर पहिला सोडून प्रत्येकी +५, म्हणजे ६५. तुम्ही उंचवट्यावर असाल तर आणखी +१०, म्हणजे ७५. तोच गडी एकटा, खाली उभा, हातात कुऱ्हाड, तर २५. माणूस तोच, शत्रू तोच, फरक पन्नास टक्क्यांचा. सुरुवातीला सगळ्यांच्या हातात भाले द्यावेत असं जुने खेळणारे म्हणतात ते यामुळे. भाल्याचा मार हलका आहे, पण पहिल्या आठवड्यात न लागणाऱ्या कुऱ्हाडीपेक्षा लागणारा भाला बरा.

टक्केवारी ५ च्या खाली आणि ९५ च्या वर जात नाही. बारा गडी, फेरीला दोन घाव, आठ फेऱ्या, म्हणजे सुमारे १९० घाव. सगळे ९५ टक्क्यांचे असले तरी नऊ-दहा चुकणारच. एका घावावर ज्याचा जीव टांगलेला आहे असा गडी लढाईत असताच कामा नये.

तिसरा हिशेब ॲक्शन पॉइंटचा. फेरीला ९ मिळतात आणि उरलेले पुढच्या फेरीत जात नाहीत. सपाट जमिनीवर एक घर चालायला २, एकहाती शस्त्राचा साधा घाव ४, दोनहाती शस्त्राचा ६. एकहाती गडी जागेवर उभा राहिला तर दोन घाव घालतो. एक घर चालला की एकच, आणि ३ पॉइंट वाया. दोनहातीवाला एक घर चालूनही घाव घालू शकतो. म्हणून शत्रूकडे तिरंदाज नसतील तर पहिल्या फेरीत सगळ्यांना 'वेट' द्या (पाळी मागे ढकला) आणि त्यांना येऊ द्या. चालण्यात त्यांचे पॉइंट जातात, तुमचे घाव पूर्ण पडतात. त्यांच्याकडे तिरंदाज असतील तर थांबण्यात तोटा. मग पुढे जायचं, पण ओळीने. एकटा गडी पुढे सुटला की संपला.

ओळीबद्दल थोडं सविस्तर, कारण नव्या खेळाडूंची माणसं इथेच जातात. मैदान षटकोनी घरांचं आहे. सरळ ओळीत मधल्या गड्याच्या सहा बाजूंपैकी दोन शेजाऱ्यांनी अडवलेल्या, दोन मागच्या, दोन समोरच्या. त्याच्यावर एका वेळी दोघेच येऊ शकतात. टोकाच्या गड्याला एकच शेजारी, म्हणून त्याच्यावर तिघे येतात आणि त्या तिघांना +१० मिळतात. सगळ्यांत जास्त डिफेन्स आणि सगळ्यांत चांगलं चिलखत टोकाला द्या. बरेच जण उलट करतात, भारी गडी मधे ठेवतात आणि टोकं नव्या पोरांवर सोडतात. ओळ टोकाकडूनच उसवते.

तिसरी_पाळी

माणसं घेण्याबद्दल लिहितो, कारण पैसा सगळ्यांत जास्त तिथे वाया जातो.

मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा-हत्यार घेऊन यायचा आणि बारगिराला सरकारातून मिळायचं. इथेही तसंच समजा. सेलस्वोर्ड, हेज नाइट हे शिलेदार. चिलखत-हत्यारासकट येतात, घेताना थैली रिकामी करतात आणि रोजचा पगारही दांडगा. फार्महँड, ब्रॉलर, मिलिशिया, लंबरजॅक, कॅरॅव्हॅन हँड हे बारगीर. पहिल्या वीस दिवसांत बारगीरच घ्या आणि वाचलेला पैसा त्यांच्या अंगावर घाला. एका हेज नाइटच्या पैशात सहा जणांना शिरस्त्राण येतं.

घेण्याआधी थोडे पैसे देऊन 'ट्रायआउट' घेता येते. त्यात गुण-दोष कळतात: दमेकरी, ठिसूळ हाडाचा, भित्रा, रातांधळा वगैरे. स्वस्त माणसावर ट्रायआउट करू नका, महाग माणसावर न चुकता करा. आकडे आणि तारे (कोणत्या गुणात उपजत कल आहे त्याची खूण) मात्र माणूस घेतल्यावरच दिसतात.

ताऱ्यांचं महत्त्व आकड्यात. लेव्हल वाढली की आठपैकी तीन गुण वाढवता येतात. मेली स्किल किंवा मेली डिफेन्सला तारा नसेल तर वाढ १ ते ३, एक तारा २ ते ३, दोन तारे २ ते ४, तीन तारे ३ ते ४. समजा गड्याचं मूळ स्किल ५७ आहे. अकराव्या लेव्हलपर्यंत दहा वेळा वाढ. तारा नसला तर सरासरी २ धरून ७७, दोन तारे असले तर ८७. समोरच्याचं डिफेन्स ३० असेल तर एकाला ४७ टक्के, दुसऱ्याला ५७. फेरीतल्या दोन घावांपैकी एक तरी लागण्याची शक्यता ७२ विरुद्ध साधारण ८१. लढाईभर हा फरक साचत जातो.

माझा नियम : माणूस घेतला की स्किल आणि डिफेन्सचे तारे बघायचे. दोन्हीकडे शून्य आणि मूळ स्किलही ५० च्या आसपास, तर तो ओळ भरण्यापुरता. त्याच्यावर चांगलं चिलखत घालायचं नाही, चांगला माणूस मिळाला की त्याला सोडायचं. ऐकायला क्रूर वाटतं, पण सुमार माणसाला अकराव्या लेव्हलपर्यंत ओढत नेलेली टोळी पुढे ऑर्क वॉरियरसमोर उभी राहत नाही.

वाढवताना पुढच्या फळीच्या गड्याला प्रत्येक लेव्हलला स्किल आणि डिफेन्स, या दोन्हींना सुट्टी नाही. तिसरा गुण आलटून पालटून हिटपॉइंट (जीव), फटीग (दम), रिझॉल्व्ह (धीर). अकराव्या लेव्हलला स्किल ८५ च्या वर, डिफेन्स ढालीशिवाय ३० च्या आसपास, रिझॉल्व्ह ४०-५० असेल तर माणूस कुठेही उभा करा. आणखी एक : एकूण डिफेन्स ५० च्या वर गेलं की वरचा भाग निम्माच धरला जातो. आधीच ५० ला पोचलेल्या ढालकऱ्याला आणखी डिफेन्स घालण्यापेक्षा दुसरीकडे घाला.

ओलं_खोबरं

दोघांनाही धन्यवाद, हे कुठेच इतकं उलगडून वाचलं नव्हतं. एक शंका. तलवारीचा घाव लागतो, तरी चिलखतवाल्या रेडरचे (दरोडेखोराचे) हिटपॉइंट हलतच नाहीत. कधी १, कधी ०. शस्त्र बदलायचं की माणूस?

पट्टेकरी

ताई, माणूस ठीक आहे. शस्त्र चिलखताच्या विरुद्ध निवडलेलं आहे.

प्रत्येक शस्त्राचे तीन आकडे बघायचे : मार, चिलखतावर परिणाम किती टक्के, आणि चिलखत ओलांडून किती टक्के आत जातो. आत गेलेल्या मारातून उरलेल्या चिलखताचा दहावा भाग वजा होतो. ही शेवटची ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

आर्मिंग स्वोर्ड : मार ४० ते ४५, चिलखतावर ८० टक्के, आत २० टक्के. समोर १०० चं चिलखत. मार ४० पडला. चिलखताचे ३२ गेले, उरले ६८. आत जायचे ८, त्यातून ६८ चा दहावा भाग म्हणजे ६.८ वजा. हिटपॉइंट गेला १. तुम्हाला दिसतो तो हाच १.

वॉरहॅमर : मार ३० ते ४०, चिलखतावर २२५ टक्के, आत ५० टक्के. मार ३५ धरा. चिलखताचे ७८ गेले, उरले २२. आत १७, वजा २, म्हणजे १५ हिटपॉइंट. दुसऱ्या घावाला चिलखत शिल्लकच नाही.

म्हणून टोळीत एक-दोन हातोडे हवेतच. हातोडेवाल्याने चिलखत फोडायचं आणि त्याच फेरीत तलवार किंवा क्लीव्हरवाल्याने (खाटकाच्या सुऱ्यासारखं शस्त्र) उघड्या अंगावर मारायचं. लांडगे, स्पायडर यांच्यासमोर उलट : अंगावर चिलखत नावापुरतंच, तिथे हातोडा वाया. क्लीव्हर द्या, रक्तस्राव लागतो.

डोक्याचंही लक्षात ठेवा. चारातला एक घाव डोक्यावर जातो आणि तिथे हिटपॉइंटचं नुकसान दीडपट. म्हणून अंगावर १३० आणि डोक्यावर कापडी टोपी ही सगळ्यांत महागात पडणारी काटकसर. पैसे आले की आधी नेझल हेल्मेट, १०५ चं. मग अंगाचं.

लोहार_आळी

चिलखताच्या बाजूने बोलणारे थकव्याचं बोलत नाहीत, ते मी लिहितो.

चिलखत, शिरस्त्राण, ढाल, शस्त्र यांचं ओझं थेट कमाल फटीगमधून जातं. गड्याचं फटीग १०० आणि ओझं ३५, तर हातात ६५. फेरीला १५ परत मिळतात. एकहाती शस्त्राचा घाव साधारण १० ते १३. तेराचे दोन घाव म्हणजे २६, परत १५, तोटा ११. पहिल्या फेरीआधी परत मिळण्यासारखं काही नसतं, म्हणून पाचव्या फेरीतच गडी फुप्फुसं काढून उभा. पुढच्या फेऱ्यांत त्याचा एकच घाव पडतो आणि ढालीची भिंतही करता येत नाही. शत्रू पंधरापेक्षा जास्त असतील तर लढाई पाच फेऱ्यांत संपत नाही.

त्या शस्त्राची मास्टरी हा पर्क (लेव्हल वाढली की निवडायचं खास कौशल्य) घेतला की फटीग पाव हिस्सा कमी. २६ चे १९.५ होतात, तोटा साडेचार. तोच गडी अकरा फेऱ्या टिकतो. म्हणून मास्टरी ही मार वाढवण्याची गोष्ट नाही, दम पुरवण्याची आहे. दोनहाती तलवारीचा साधा घाव १५ घेतो, १५ परत मिळतात, म्हणून दोनहातीवाले लांबच्या लढाईत शांतपणे टिकतात. फक्त त्यांचे पसरट घाव जपून. ग्रेटस्वोर्डचा 'स्विंग' तीन घरं घेतो, मोठ्या कुऱ्हाडीचा गोल फेरा सहाच्या सहा घरं, आणि त्यात आपला माणूस असला तर तोही कापला जातो. त्याला ओळीच्या मधे नव्हे, टोकापलीकडे एक घर सोडून उभा करा.

निंबल की बॅटल फोर्ज्ड, यांतला कोणता पर्क घ्यायचा हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर. निंबल हिटपॉइंटचं नुकसान ६० टक्क्यांपर्यंत कमी करतं, पण अंग आणि डोकं मिळून ओझं १५ च्या आत असेल तरच पूर्ण. पुढे प्रत्येक पॉइंटला झपाट्याने घसरतं. ११५ चं बेसिक मेल शर्ट १२ खातं, मग शिरस्त्राणाला ३ उरतात. बॅटल फोर्ज्ड चिलखतावरचं नुकसान कमी करतं, त्या क्षणी अंगावर असलेल्या एकूण चिलखताच्या ५ टक्के इतकं. ३०० अधिक ३०० असेल तर ३० टक्के. ११५ अधिक १०५ असेल तर ११ टक्के, म्हणजे पर्क फुकट. बाजारात भारी चिलखत विकत घेण्याइतका पैसा साठेपर्यंत बॅटल फोर्ज्डला हात लावू नका. हिटपॉइंट चांगले असलेल्या गड्याला 'कोलोसस' अधिक निंबल, स्वस्तात काम होतं.

रानमेवा

पर्कचा विषय निघालाय तर 'स्टुडंट'बद्दल वेगळं मत नोंदवतो. वीस टक्के जास्त अनुभव मिळतो, अकराव्या लेव्हलला पॉइंट परत मिळतो, म्हणून सगळे डोळे झाकून पहिला पर्क स्टुडंट घेतात. दुसऱ्याच लेव्हलला मेलेला विद्यार्थी काय कामाचा? पुढच्या फळीला आधी कोलोसस, २५ टक्के हिटपॉइंट लगेच. स्टुडंट मागच्या ओळीतल्यांना.

तिसरी_पाळी

रानमेवा, पुढच्या फळीबद्दल सहमत. पण पॉइंट परत मिळतो म्हणजे खर्च फक्त उशिराचा आहे, हे विसरू नका. दिवस चाळीसनंतर घेतलेला नवा गडी, चांगल्या चिलखतात, भोवती मुरलेली माणसं, तिथे स्टुडंट नक्की घ्या. तो मरायची भीती कमी आणि त्याला इतरांच्या बरोबरीला आणायची घाई जास्त. सुरुवातीच्या सहा जणांपैकी मात्र फक्त लांब दांडीवाल्यांना आणि तिरंदाजांना.

लांब दांडीवरून : पिचफोर्क, बिलहूक, पाइक यांची पोच दोन घरं. मागच्या ओळीतून मारायचं. चिकटून उभ्या शत्रूवर मारलं तर १५ टक्के वजा. फार्महँड बऱ्याचदा पिचफोर्क घेऊनच येतो, ती विकू नका. पहिल्या दहा दिवसांत पुढे चार भाले-ढाली आणि मागे दोन पिचफोर्क, याहून स्वस्त आणि भरवशाची मांडणी नाही.

हिशेबनीस

लढाईवर सगळे लिहितायत. टोळ्या मात्र निम्म्या वेळा लढाईत मरत नाहीत, दारिद्र्याने मरतात. आधी पोटोबा.

शहर सोडताना थैलीत निदान पाच दिवसांचा पगार आणि पाच दिवसांचं अन्न. पगार चुकला की माणसांचं मन उतरतं आणि मग ती निघून जातात. अन्न एकाच प्रकारचं साठवू नका, काही लवकर नासतं. आधी नासणारं आधी संपवा, वाळवलेलं मागे ठेवा.

'टूल्स' हा खरा प्राण आहे. दहा जणांची टोळी असेल तर ४० च्या खाली गेलं की लढाई घेऊ नका. टूल्स संपले की चिलखत फाटकंच राहतं, फाटक्या चिलखतात पुढची लढाई होते, त्यात माणूस जातो, त्याच्या जागी नवा घ्यायला पैसा नसतो. बहुतेक टोळ्यांची उतरण इथून सुरू होते आणि दोन लढायांनंतरच लक्षात येते.

काँट्रॅक्ट घेताना कवट्या बघा, त्या कामाची काठिण्यपातळी दाखवतात. एक कवटी पहिले दहा दिवस. दोन कवट्या आठ जण आणि सगळ्यांच्या अंगावर किमान ८०-९० चं काही असेल तर. तीन कवट्या अजून नको. पार्सल पोचवण्याची कामं फालतू वाटतात, पण त्यांत पैसा कमी असला तरी झीज जवळजवळ शून्य. कारवाँ सोबत नेण्यात पैसा बरा, पण कारवाँ सावकाश चालतो आणि तितके दिवस पगार चालू. रक्कम ठरवताना एकदा जास्त मागून बघा. किती आगाऊ आणि किती नंतर, हे काम कोणतं त्यावर ठरवा. सुरुवातीला टूल्स घ्यायला काही भाग आगाऊ बरा.

आणि लढाई कुठे घेता ते बघा. ज्या जमिनीवर गाठ पडेल तीच रणभूमी. दलदलीत चालणं महाग आणि सगळ्यांचं कौशल्य व बचाव पडतो. शत्रू दलदलीत दिसला तर नकाशावर थांबा, त्याला मैदानात येऊ द्या. रात्री नेमबाजी फार उतरते. तिरंदाजांच्या टोळीवर जायचं असेल तर रात्र तुमची, तुमचेच तिरंदाज जास्त असतील तर दिवस.

एल्बेकाठी

बाकी सगळ्यांनी आकडे लिहिलेत, मी नावांवरून लिहिते. प्राण्यांची नावं जर्मन लोककथांतली आहेत आणि नाव समजलं की वागणूक समजते.

'वीडरगेंगर' म्हणजे परत फिरून येणारा. तसंच होतं. मेलेला उठतो, विशेषतः नेक्रोमान्सर (मुडदे उठवणारा मांत्रिक) मैदानात असेल तर. डोकं उडालेला मात्र उठत नाही. म्हणून तिथे तलवार, कुऱ्हाड, क्लीव्हर. हातोडे-गदांनी मारलं तर तोच माणूस दोनदा-तीनदा मारावा लागतो. तिरंदाजांना पहिल्या फेरीपासून नेक्रोमान्सरवरच लावा.

'नाखत्सेहरर' प्रेतं खाणारा. गेममध्ये तो ज्या घरात उभा आहे तिथलं प्रेत खातो आणि मोठा होतो. पूर्ण मोठा झाला की माणूस गिळतो. उपाय साधा : प्रेत पडलेल्या घरात आपला गडी उभा करा. आणि पहिला नाखत्सेहरर ओळीपाशीच मारा, दूर मारला तर त्याचंच प्रेत दुसऱ्याच्या पोटात.

'आल्प' छातीवर बसून दुःस्वप्न देणारा. जर्मनमध्ये वाईट स्वप्नाला 'आल्पट्राउम' म्हणतात ते त्याच्यावरूनच. तो गड्यांना झोपवतो. इथे चिलखताचा उपयोग नाही, रिझॉल्व्हचा आहे. झोपलेल्याला शेजारचा उठवू शकतो, म्हणून पांगू नका, जोडीने उभे राहा. 'हेक्सं' म्हणजे चेटकिणी. माणूस फितवतात. रिझॉल्व्ह कमी असलेला तुमचा सगळ्यांत दणकट दोनहातीवाला फितला तर तो तुमचीच ओळ कापतो. त्या लढाईला त्याला बाहेर बसवा, किंवा हलकं शस्त्र द्या.

प्राचीन सांगाडे, एन्शंट डेड, यांच्यावर टोचणारी शस्त्रं चालत नाहीत. भाले आणि धनुष्यं खाली ठेवा. ते घाबरत नाहीत, थकतही नाहीत. लांबलेली लढाई त्यांचीच.

ओलं_खोबरं

एल्बेकाठी, हे फार उपयोगी. रिझॉल्व्ह कसं वाढवायचं? सगळ्यांचं वाढवलं तर स्किल मागे पडतं.

एल्बेकाठी

सगळ्यांचं नको. एक निशाणवाला करा. टोळीचा झेंडा त्याच्या हाती दिला की त्याच्या रिझॉल्व्हचा दहावा भाग चार घरांच्या आतल्या सगळ्यांना मिळतो. त्याचं रिझॉल्व्ह ९० असेल तर बाकीच्यांना +९. त्याला प्रत्येक लेव्हलला रिझॉल्व्ह, 'फॉर्टिफाइड माइंड' (२५ टक्के जास्त) आणि 'रॅली द ट्रूप्स'. उभा मागच्या ओळीत, मधोमध. झेंड्याची पोचही दोन घरांची आहे, म्हणजे तो नुसता उभा राहत नाही. मंक किंवा ज्याच्या रिझॉल्व्हला दोन-तीन तारे आहेत असा कोणी निवडा.

बाकी माणसं पळायला लागतात तो क्षण ओळखा. एक गडी पडला की शेजारच्यांची परीक्षा होते, त्यात दुसरा डगमगतो, मग तिसरा. पळणारा शत्रूच्या कक्षेतून निघताना फुकट घाव खातो. म्हणून हरताना माघार लवकर घ्यायची. मैदानाच्या कडेच्या घरावर पोचलेला गडी सुखरूप निघतो. चार गडी पडल्यावर नव्हे, दुसरा पडल्यावर आणि शत्रू अजून निम्म्याहून जास्त असतील तर.

रानमेवा

खंजिराची युक्ती अजून कोणी लिहिली नाही. भारी चिलखत बाजारातून घ्यायला महिने जातात. ब्रिगंड लीडरच्या अंगावरचं मिळवायचं असेल तर ते न फोडता त्याला मारावं लागतं. फाटून शून्यावर आलेलं चिलखत हाती लागत नाही.

क्रम असा. आधी बाकी सगळे मारा, लीडरला एका ढालकऱ्याने अडकवून ठेवा, ढालीची भिंत करून. त्या वेळात त्याच्यावर हातोडा-कुऱ्हाड चालवू नका. मग त्याला चार-पाच जणांनी घेरा, जमलं तर जाळं टाका. त्याला हलता येत नाही आणि त्याचा बचाव पडतो. तिघांच्या हातात खंजीर. खंजिराचा 'पंक्चर' चिलखत पूर्ण ओलांडतो, पण नेम १५ टक्क्यांनी कमी. पाच जण घेरून असतील तर +२०, तो तोटा भरून निघतो. साध्या खंजिराचा मार १५ ते ३५, त्यामुळे मोजके घाव लागले की काम झालं. खंजीर आधीच थैलीत ठेवा. शस्त्र बदलायला ४ पॉइंट जातात, 'क्विक हँड्स' असेल तर फेरीतली पहिली बदली फुकट.

चूक कुठे होते : तीन घाव चुकले की माणूस वैतागून हातोडा काढतो. तसं करायचं असेल तर आधीच करा. चार फेऱ्या त्याचे घाव खाऊन मग चिलखतही फोडणं, यात दोन्हीकडून नुकसान. त्याच्यासमोरचा ढालकरी थकला असेल, फटीग २० च्या खाली असेल, तर हा बेत सोडा आणि सरळ मारा.

लोहार_आळी

+१. फक्त एक भर. दिवसाला एकच असा लीडर बास. खंजिरांच्या नादात लढाई दहा-बारा फेऱ्या लांबते, जखमा होतात आणि औषधं संपतात. जखमी माणसाला दुसऱ्या दिवशी मैदानात उतरवू नका. हाताला जखम असेल तर त्याचे आकडे बघितल्यावर कळेल. राखीव दोन-तीन माणसं ठेवायची ती त्यासाठी. रोस्टर (टोळीचा पट) वीसचा, मैदानात बारा.

ओलं_खोबरं

शेवटची शंका, मग वाचत राहीन. गॉब्लिन. सतरावा दिवस, नऊ गडी, दोन कवट्यांचं काम, जंगलाच्या कडेला तळ. घ्यावं का?

पट्टेकरी

नको. नऊ गड्यांच्या हातात कोणत्या ढाली आहेत ते आधी सांगा. काइट शील्ड नसतील तर प्रश्नच मिटला.

गॉब्लिन हलके असतात, हिटपॉइंट थोडे, पण चपळ. तुमच्या आधी त्यांची पाळी येते. ॲम्बुशर विषारी बाण मारतात, शामन मुळांनी पाय जखडतो, स्कर्मिशर जाळी टाकतात. ऑर्कसमोर ओळ धरून उभं राहिलं की चालतं; इथे उभं राहणं म्हणजे बाण खात राहणं. तळात ते कुंपणाआड असतात, म्हणजे चालून तुम्हालाच जायचं.

ते काम पंचविसाव्या दिवसानंतर, असं असेल तेव्हा घ्या : पुढच्या सहा जणांकडे काइट शील्ड (मेलीला १५, बाणांना २५), दोन तिरंदाज किंवा क्रॉसबोवाले फक्त शामनसाठी, आणि दोन-तीन युद्धकुत्रे. पहिल्या फेरीत कुत्रे सोडा, ॲम्बुशरांना चिकटले की त्यांचे बाण थांबतात. ओळ एका वेळी दोन घरं पुढे, ढाली वर, कोणीही मागे राहत नाही. पोचलात की दोनहाती पसरट घाव. एका फेऱ्यात दोन-तीन पडतात, इतके ते नाजूक आहेत. पळणाऱ्या गॉब्लिनच्या मागे जाऊ नका.

सतराव्या दिवशी त्याच गावात ब्रिगंडांचं एका कवटीचं काम असेल तर ते घ्या आणि मिळालेल्या पैशातून आधी दोन काइट शील्ड.

ओलं_खोबरं

दोन काइट, चार लाकडी आहेत. कुत्रा एकही नाही. ब्रिगंडांचं घेते.